श्रोते उठेनात

सकाळी सभागृहात पाऊल टाकलं की धाकटी आधी एक फुगा फोडायची.

रंगमंचाच्या मधोमध उभं राहून ती पंपाने फुगा भरायची, कानांत बोळे घालायची आणि टाचणी टोचायची. फाट्‌कन आवाज व्हायचा आणि मग तो छतावर, भिंतींवर, खुर्च्यांच्या पाठींवर आपटत, झिजत, विरून जायचा. रांगांमध्ये ठेवलेले मायक्रोफोन ते विरणं टिपून घ्यायचे. आवाज किती रेंगाळतो त्यावरून सभागृहाची प्रकृती कळते. खरं तर या कामाला शर्यतीत झाडतात तसलं पिस्तूल चांगलं, पण सुरक्षा विभागाच्या साहेबांनी "सभागृहात पिस्तूल?" एवढंच विचारलं आणि तिच्याकडे असं पाहिलं की ती निमूटपणे फुगे घेऊन आली. झाडलोट करणाऱ्या मावशी रोज न चुकता विचारायच्या, "आज कोणाचा गं वाढदिवस?"

विद्यापीठात पाहुण्यांचा हंगाम सुरू होणार होता. दर वर्षी या दिवसांत बाहेरून व्याख्याते यायचे, नाचणारे यायचे, नाटकवाले आणि वादक यायचे, आणि एरवी परीक्षेपलीकडे कशाला न जमणारी माणसं संध्याकाळी सभागृहात जमायची. यंदा तिथे नव्या खुर्च्या बसवल्या होत्या, भिंतींना नवी लाकडी फळकुटं ठोकली होती. हा नवा साज आवाजाला मानवतो की नाही, हे हंगामभर तपासायला पदार्थविज्ञान विभागाने धाकटीला नेमलं होतं. पदवी ताजी होती आणि काम मनासारखं होतं. घरात तिला मोजपट्टी म्हणत. लहानपणी दोघी बहिणींना सरबत मिळालं की ही आधी दोन्ही पेल्यांना पट्टी लावून बघायची. तोवर थोरलीने स्वतःचा पेला रिकामा करून हिच्यातलाही घोटभर घेतलेला असायचा.

थोरली गायची. गायची म्हणजे त्याखेरीज तिला काही सुचायचंच नाही. मग तिच्या घशात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, आणि बोलणं परत आलं तरी गाणं पुरतं परत आलं नाही. डॉक्टरांनी गायला हरकत घेतली नव्हती. फक्त ताण द्यायचा नाही म्हणाले होते. एकदा तिने मायक्रोफोन लावून गाऊन पाहिलं. स्पीकरमधून स्वतःचा बदललेला आवाज अंगावर आला तशी ती गाण्याच्या मध्यातच उठून गेली होती. आता हंगामाचा शेवटचा कार्यक्रम तिचा ठरला होता, आणि तिची अट एकच होती: मायक्रोफोन नको.

"हे शेवटचं," भाजी निवडता निवडता ती धाकटीला म्हणाली होती. "जमलं तर गाईन. नाही जमलं तर पुन्हा कुणी मला 'गा' म्हणायचं नाही. तूसुद्धा नाही."

"आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं माझ्याकडे लागलं. तू फक्त जोर लावू नकोस. सभागृह माझ्यावर सोड."

"म्हणजे काय, फुगे फोडणार?"

"फोडणार."

"देवा रे," थोरली म्हणाली, पण हसली.

धाकटीचा हिशेब साधा होता. रिकामं सभागृह घुमतं. माणसं येऊन बसली की घुमणं कमी होतं, कारण माणसाचे कपडे, केस, अंग, सगळं आवाज पितं. म्हणून सभागृह बांधताना भरल्यावर किती आवाज प्याला जाईल ते धरूनच बांधतात. रिकाम्या सभागृहात फुग्याचा आवाज दोन सेकंदांच्या आसपास रेंगाळत होता. चांगलं लक्षण होतं. त्यात माणसं भरली की तो जितका उरेल, तेवढ्यात थोरलीचा हलका सूर आरामात मागपर्यंत गेला असता.

पहिलं व्याख्यान समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या बाईंचं झालं. खोल पाण्यात, जिथे उजेड पोचत नाही तिथे राहणाऱ्या जिवांबद्दल त्या बोलल्या आणि सभागृह गच्च भरून ऐकत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने फुगा फोडला आणि कानांतले बोळे काढून ती तशीच उभी राहिली. आकडे बघायची गरजच नव्हती. आवाज लवकर मेला होता.

तिने पडदे पाहिले, दारं पाहिली, हवेतला दमटपणा मोजला. मायक्रोफोनच्या बॅटऱ्या बदलल्या. दुसऱ्या पाकिटातला फुगा घेतला. मावशींना विचारलं, "गालिचा-बिलिचा काही टाकलात का?"

"मी कशाला टाकू? आहे तो झाडताना कंबर जातेय."

रिकामं सभागृह भरल्यासारखं वाजत होतं.

मग नृत्याचा कार्यक्रम झाला. त्याला तर लोक भिंतींना टेकून उभे होते. दुसऱ्या सकाळी आवाज आणखी आखडला. त्यानंतर एक पूल बांधणारे अभियंते येऊन गेले. त्या दिवशी खेळाचा अंतिम सामना होता, त्यामुळे श्रोते इकडे-तिकडे विखुरलेले, चार टाळकी. दुसऱ्या सकाळी फरक जेमतेम पडला. धाकटीने कागदावर आलेख काढला. आडव्या रेघेवर आतापर्यंत एकूण किती माणसं येऊन गेली ते, उभ्या रेघेवर रिकामं सभागृह किती आवाज पितं ते. ठिपके एका सरळ रेघेत बसले. पदवीच्या सगळ्या वर्षांत एकाही प्रयोगात तिला इतकी सरळ रेघ मिळाली नव्हती, आणि एरवी ती आनंदाने नाचली असती. आत्ता तिने तो कागद पालथा घातला.

कारण त्या रेघेचा अर्थ शाळेतल्या पोरालाही लागला असता. आलेली माणसं गेलीच नव्हती. आणि मूकनाट्याचा प्रयोग झाल्यावर तर गणित त्याच्याही पुढे गेलं. एवढा आवाज प्यायला नुसतं भरलेलं सभागृह पुरणार नव्हतं.

"एकेका खुर्चीवर दोघं-तिघं बसलेत वाटतं," ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, थट्टेने. तिचं वाक्य तोंडातून निघालं आणि पुढच्या रांगेवरच बसून राहिलं. परत आलं नाही.

त्या दिवसापासून तिने रिकाम्या सभागृहाची शांतता टिपून हेडफोनवर ऐकायला सुरुवात केली. खोकला नव्हता, कुजबुज नव्हती, कपड्यांची सळसळ नव्हती. पण रिकाम्या खोलीची शांतताही ती नव्हती. बोलणारा माणूस योग्य शब्द शोधायला क्षणभर थांबतो आणि समोरचे सगळे त्या शब्दाची वाट बघतात, त्या वेळी पसरते तशी ती शांतता होती. फरक एवढाच की शब्द येत नव्हता आणि वाट बघणं सरत नव्हतं. थोड्या वेळाने धाकटीने हेडफोन काढले, कारण आपणच काहीतरी बोलावं असं तिला वाटायला लागलं होतं.

हंगाम सांभाळणाऱ्या संचालकबाई कामाला वाघ होत्या. धाकटी त्यांच्या खोलीत गेली तेव्हा त्या एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने निमंत्रणपत्रिकांचे गठ्ठे बांधत होत्या.

"मॅडम, सभागृह रिकामं असताना भरल्यासारखं वाजतंय."

"भरल्यासारखं? अरे वा. मग पुढच्या जाहिरातीत टाकू."

"तसं नाही मॅडम. असंच राहिलं तर माझ्या ताईचा आवाज पाचव्या रांगेपलीकडे जाणार नाही."

"मग मायक्रोफोन लावा. एवढा काय इश्यू आहे?"

"तिला मायक्रोफोन चालत नाही."

संचालकबाईंनी फोनवर हात ठेवला. "हे बघ, तू हुशार आहेस. पण मागच्या वर्षीपर्यंत हे कार्यक्रम किती लांबायचे तुला माहीत नाही. पाहुणे घड्याळाकडे बघायचे. यंदा मी सगळं कसं आटोपशीर केलंय बघ. भाषण संपलं, दिवे लागले, चहा बाहेर. लोक खूश आहेत. आता या फुग्यांपायी मला नवीन कटकट नकोय." आणि त्या पुन्हा फोनवर म्हणाल्या, "हां, बोला."

पुढे वादकांचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली आवाज लावून बघायला आली. धाकटी शेवटच्या रांगेत जाऊन बसली. थोरली रंगमंचाच्या कडेला आली, डोळे मिटले, आणि तिचे ओठ हलायला लागले.

धाकटीला काहीच ऐकू आलं नाही.

ती उठून मध्यावर आली. तिथे सूर होता, पण उशीतून आल्यासारखा. तिसऱ्या रांगेत आल्यावर मात्र तो अचानक उघडला, आणि धाकटी उभ्याउभ्या थिजली. शस्त्रक्रियेनंतर थोरली असं गायलीच नव्हती. आवाजाला मधेच एक चरा होता, पण ती तो लपवत नव्हती. त्याच्यावरूनच सूर पुढे नेत होती.

गाणं थांबलं तेव्हा थोरलीच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"काय सुंदर ऐकतात गं," ती म्हणाली.

"कोण?"

"म्हणजे… सभागृह. किती दिवसांनी वाटलं की मी टाकलेलं कुणीतरी झेलतंय. घशाची आठवणसुद्धा झाली नाही मला."

धाकटीने ओठ चावला. मग खिशातून तो आलेखाचा कागद काढून तिने बहिणीला सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटलं, ताई हसेल, म्हणेल तुझं डोकं फिरलंय. थोरलीने रेघेवरून बोट फिरवलं, मान वर केली आणि रांगांकडे पाहिलं. घाबरल्यासारखी नाही. ओळखीचं कुणी आलंय का बघावं तशी.

"मग बसू दे की," ती म्हणाली. "तुझं काय जातं?"

"तुझं जातं, ताई! अगं, तुझा आवाज मागे येतच नाहीये. कार्यक्रमाच्या दिवशी याच्यावर आणखी खरी माणसं येऊन बसणार. पाच रांगा सोडल्या तर उरलेल्यांना नुसते तुझे ओठ हलताना दिसतील. मग लोक म्हणतील संपली, आणि तू म्हणशील कळलं, आणि मला आयुष्यभर 'गा' म्हणता येणार नाही!"

"पण कुणालातरी पोचतोय ना?"

"कुणाला?"

थोरलीने कागद तिला परत दिला. पिशवी खांद्याला लावताना एवढंच म्हणाली, "त्यांना उठवू नकोस हं, मोजपट्टे." आणि अगदी हळू पावलांनी, मधल्या वाटेने, कुणाला धक्का लागू नये अशी ती बाहेर गेली.

विद्यापीठात आभारसर नावाची एक वल्ली होती. ते रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पण रसायन सगळे विसरले होते, लक्षात होते ते त्यांचे आभार. कुठलाही कार्यक्रम असो, शेवटी सर उठणार, कोटाचं बटण लावणार आणि सगळ्यांचे आभार मानणार. पाहुण्यांपासून दिवे लावणाऱ्यापर्यंत. लोक कंटाळायचे, चुळबुळायचे, विनोद करायचे. यंदा संचालकबाईंनी ते बंद करून टाकलं होतं. त्या अपमानाने सर इतके दुखावले होते की एकही कार्यक्रम न चुकवता मागच्या खुर्चीवर बसून दोष काढायचे.

उपाहारगृहात चहा घेताना त्यांनी धाकटीला गाठलं. नवीन श्रोता मिळाला की ते सोडत नसत.

"काय आटोपशीर म्हणे! अगं मुली, यंदा एक तरी कार्यक्रम संपला का?"

"सगळेच संपले की, सर."

"कुठे संपले? थांबले. थांबणं वेगळं, संपणं वेगळं. कुणी सांगितलं लोकांना, की झालं, आता या? तू बघितलं नाहीस का, दिवे लागल्यावर माणसं कशी अर्धवट उठतात? पिशवी हातात, आणि तोंड रंगमंचाकडे. दारातून बाहेर पडता पडता मागे वळून बघतात. शरीर जातं घरी, पण उठून कोण जातंय?"

धाकटी हसणार होती. पण तिने ते खरंच पाहिलं होतं. प्रत्येक कार्यक्रमानंतर, दारातली ती वळणारी तोंडं. आपणही तसंच वळलो होतो, हे तिला आठवलं आणि चहाचा कप तिने खाली ठेवला.

खुर्च्या नव्या होत्या, फळकुटं नवी होती. पण ती पहिल्या फुग्याच्या वेळीही होती. त्यानंतर घडलेली गोष्ट एकच: आभारांवाचून नुसते थांबलेले कार्यक्रम.

"सर," ती म्हणाली, "राहिलेले आभार आता मानले तर चालतील?"

आभारसरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला आनंद म्हणणं कमी पडलं असतं. "माझी तयारी आहे," ते म्हणाले. "प्रत्येक कार्यक्रमाची आहे. रेकॉर्डिंग वगैरे करणार असशील?"

"करणार आहे," धाकटी म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

थोरलीच्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच सभागृह मोकळं मिळालं. सर कोट घालून आले. धाकटीने फुगा फोडून आधीचा आकडा घेतला. मग तिने सरांच्या हातात भिंतीवरून काढलेली आगीच्या सूचनांची पाटी दिली.

"हे काय?"

"आधी हे वाचा. तुमच्या आवाजानेच काही फरक पडतो का ते बघायचंय."

"आगीच्या सूचना? मी?" पण सर वाचणार नाहीत असं होणं शक्य नव्हतं. त्यांनी जिन्याचा वापर करावा, घाई करू नये, ओल्या फडक्याने तोंड झाकावं, हे सगळं भारदस्तपणे वाचून दाखवलं. धाकटीने दुसरा फुगा फोडला. आकडा होता तसाच.

"आता पहिल्या व्याख्यानाचे आभार."

सरांनी बटण लावलं. घसा खाकरला. समुद्राच्या तळाच्या बाईंचे, त्यांना आणणाऱ्या विभागाचे, दिवे सांभाळणाऱ्यांचे, पाणी ठेवणाऱ्यांचे आभार मानले. धाकटी एका बाजूला उभी होती. सरांचं बोलणं लांबत चाललं तसतसं तिला जाणवायला लागलं की ती शांतता बदलतेय. वाट बघणारी शांतता आता कंटाळली होती. अगदी खऱ्यासारखी कंटाळली होती.

"आणि सर्वांत शेवटी," सर म्हणाले, "ज्यांच्यावाचून बोलणारा माणूस नुसता भिंतीशी बोलणारा वेडा ठरतो, त्या आपणा श्रोत्यांचे आभार. आपण आपला वेळ दिलात. आजचा कार्यक्रम इथे संपला असं मी जाहीर करतो."

काही झालं नाही. एकही खुर्ची करकरली नाही. धाकटीने फुगा भरला. टाचणी दोनदा निसटली. मग फुगा फुटला आणि आवाज छतापर्यंत गेला, परतला, पुन्हा गेला. मोजायच्या आधीच तिला कळलं होतं.

नृत्याचे आभार. पूल बांधणाऱ्यांचे आभार. ते सरांनी चार टाळक्यांसाठीही आखडते घेतले नाहीत. मूकनाट्याचे, वादकांचे. दर वेळी फुग्याचा आवाज थोडा जास्त दूर जाऊन येत होता. मधे सर एकदा थांबून म्हणाले, "गंमत आहे. रिकाम्या सभागृहात बोललं की माझा घसा कोरडा पडतो. आज नाही पडला."

शेवटचे आभार झाल्यावर ते रंगमंचावरून उतरले आणि दाराशी जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. हसऱ्या चेहऱ्याने ते मान हलवत होते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एका जागी जरा बाजूला सरून त्यांनी वाट दिली.

"सर, कुणाला नमस्कार करताय?"

"अं?" त्यांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. "कुणाला नाही. सवय गं."

पण ते लगेच हलले नाहीत. आणखी बराच वेळ मान हलवत राहिले. धाकटी त्यांच्याजवळ गेली नाही. सर निघून गेल्यावर ती रंगमंचावर एकटीच चालली. तिची पावलं टक, टक करत तिच्याकडे परत आली. सभागृह रिकामं होतं. थोरलीने नको म्हटलेलं तिने केलं होतं, आणि तिच्याच भल्यासाठी केलं होतं, असं तिने स्वतःला सांगितलं. ते वाक्यही परत आलं.

संध्याकाळी माणसं आली. खरी, खोकणारी, छत्र्या-पिशव्यांना जागा शोधणारी. सभागृह भरलं. धाकटी शेवटच्या रांगेत भिंतीला पाठ लावून उभी राहिली. थोरली आली, कडेला उभी राहिली, आणि पहिला सूर लागला.

तो सरळ धाकटीपर्यंत आला. हलका, स्वच्छ, कुठेही न अडखळता. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. पोचलं, ताई, पोचलं.

पण थोरली डोळे मिटत नव्हती. गाता गाता तिची नजर रांगांवरून फिरत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिलं गाणं संपलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर, जिथे तो चरा यायचा तिथे ती थांबली.

लोकांना वाटलं, श्वास घेतेय. मग वाटलं, विसरली. पुढच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरला. थोरलीने हाताने डोळ्यांवरचा उजेड अडवला आणि भरलेल्या सभागृहाकडे बघत, कुणाला विचारावं तशी, अगदी हळू म्हणाली, "कुठे गेले सगळे?"

आवाज इतका नीट पोचत होता की ते शेवटच्या रांगेतल्यांनीही ऐकलं. काहीजण हसले, त्यांना तो गाण्याचाच भाग वाटला. धाकटी हसली नाही. बहिणीची नजर आता तिच्यावर येऊन थांबली होती. तिने मान खाली घातली. तेवढ्यानेच थोरलीला सगळं कळलं.

मग तिने डोळे मिटले आणि गाणं जिथे सुटलं होतं तिथून उचललं. पूर्ण केलं. पुढची सगळी गाणीही नीट गायली, एकही सूर घसरला नाही. टाळ्या मनापासून वाजल्या. लोक उभे राहिले. संचालकबाईंनासुद्धा इतकं भरून आलं की दुपारी आभारसर येऊन गेल्याचं कळल्यावर चिडलेल्या त्या, आता स्वतःच त्यांना रंगमंचावर जायची खूण करत होत्या. सर बटण लावत पायऱ्या चढले.

थोरली त्यांना सामोरी गेली. त्यांचा हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"आज नको, सर," ती म्हणाली. "मी पाया पडते. आज नको." आणि त्यांना हाताला धरून, वयस्कर मामाला सांभाळून न्यावं तसं, तिने पायऱ्यांवरून खाली उतरवलं.

दिवे लागले. चहा बाहेर होता. लोक अर्धवट उठले, पिशव्या हातात घेऊन घुटमळले, आणि दारातून बाहेर पडता पडता एकेकाने मागे वळून रंगमंचाकडे पाहिलं. थोरली तिथेच उभी होती. एकेक तोंड वळताना ती बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता.

दोघी घरी निघाल्या.

"शेवटपर्यंत पोचत होता, ताई. सगळ्यांना."

"हो गं. कळलं मला. पोचत होता आणि परत येत होता. माझाच आवाज माझ्या अंगावर. कुणी ठेवूनच घेतला नाही." मग तिने धाकटीच्या हातात हात अडकवला. "रागावले नाहीये. तू तुझं काम केलंस. आता मी माझं करणार."

"म्हणजे गाणार?"

"रोज."

हंगाम संपला होता, सभागृह दिवसा मोकळंच असायचं. थोरलीने संचालकबाईंकडून दुपारची परवानगी मिळवली. घरात आता सगळे आनंदात होते. आई शेजाऱ्यांना सांगायची, आमची थोरली पुन्हा गायला लागली. दुसऱ्या गावाहून बोलावणी आली, ती थोरलीने नाकारली. "मी तिथेच गाईन," ती म्हणाली, आणि कुणी फार ताणलं नाही. गातेय ना, पुरे.

एका दुपारी धाकटी उरलेले मायक्रोफोन काढून न्यायला गेली. दार बंद होतं. तिने कान लावला. आतून काही ऐकू आलं नाही. तिने दार ढकललं. थोरली रंगमंचाच्या कडेला उभी होती, मान किंचित वर, डोळे मिटलेले. तिचे ओठ हलत होते. सूर कुठेच नव्हता. धाकटीला आता त्याचं नवल वाटलं नाही. एकाच कार्यक्रमाचे श्रोते एवढा आवाज पीत नाहीत; उठवलेलेही थोरलीच्या गाण्याला परत येऊन बसले असणार.

दारातूनच परत फिरता आलं असतं. फुगे तिच्या पिशवीत होते, आभारसरांचा फोन नंबरही होता. ती तशीच उभी राहिली. थोरलीचा चेहरा इतका सुखी तिने गाठ निघाल्यापासून पाहिला नव्हता.

मग ती मधल्या वाटेने पुढे निघाली. दहाव्या रांगेत काही नाही. सहाव्या रांगेत काही नाही. तिसरीपाशी सुराची धार तिच्या कानाला लागली, आणि तो चरा, आणि त्याच्यावरून पुढे जाणारा सूर. बहिणीचं गाणं ऐकायचं तर आता तिथेच बसायला हवं होतं. कडेची खुर्ची मोकळी दिसत होती. सगळ्याच दिसत होत्या.

धाकटी रांगेत शिरली. दोन पावलं गेल्यावर तिने पिशवी छातीशी धरली, अंग आडवं केलं, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "जरा जागा देता?"

आणि चवड्यांवर, कुणाच्या पायावर पाय पडू नये अशी, पुढे सरकली.